खल, बाटली आणि चिठ्ठी : गावच्या औषधवाल्याचा उदयास्त

परप्रांतात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास लिहावयास बसले की आपली लेखणी ठरावीक वाटांनी जाते. पहिला गणेशोत्सव कोणी बसवला, मंडळाची जागा कोणाच्या खटपटीने मिळाली, मुलांसाठी मराठीचा वर्ग कोणी चालवला, या गोष्टींची नोंद आपण अगत्याने ठेवतो आणि ती ठेवलीच पाहिजे. परंतु ज्याचे दार आपण अपरात्री, फळ्या लावून झाल्यावरही, हक्काने ठोठावले, त्या औषधवाल्याचे नाव या नोंदींत क्वचितच सापडते. तो गेल्यावर शोकसभा भरत नाही. दुकान काही दिवस बंद राहते. मग मुलगा गल्ल्यावर बसतो, नाहीतर पाटी बदलते.

प्रस्तुत लेख कोणा एका गृहस्थाचे चरित्र नव्हे. साधारणपणे १९२० ते १९३५ या काळात जन्मलेल्या आणि आता बहुतांशी आपल्यातून निघून गेलेल्या औषधवाल्यांच्या एका पिढीची ही कथा आहे. नाव वाचकांनी आपापल्या आठवणीतून घालावे. त्या पिढीच्या हयातीत या धंद्याचे रूप इतके बदलले की ज्या कामासाठी कायद्याने तिला मान दिला, तेच काम तिच्या हातून निघून गेले. हे कसे घडले आणि त्यात आपण काय गमावले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

या कथेचा आरंभ दुकानात होत नाही, वैद्याच्या घरात होतो. वैद्य स्वतःच काष्ठौषधी कुटी, काढे उकळी, भस्मे घोटी आणि स्वतःच पुडी बांधून देई. निदान करणारा आणि औषध तयार करणारा निराळा नव्हता. भोपाळात बेगमांच्या काळी युनानी हकिमांचा व अत्तारांचा मोठा लौकिक होता. तेथे हकिमाने नुस्खा लिहावा आणि अत्ताराने तो बांधून द्यावा, अशी थोडीफार विभागणी होती. महाराष्ट्रात वैद्याच्या घरातून औषध बाहेर पडून बाटलीत शिरले, त्याचे एक ठळक उदाहरण पनवेलचे आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली तेथे श्रीधूतपापेश्वर या नावाने आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. आता पनवेलला घोटलेले औषध दूरच्या गावातला, वैद्याला कधी न पाहिलेला रोगीही घेऊ लागला. औषध करणारा हात आणि घेणारा हात यांच्यामध्ये प्रथमच अंतर पडले आणि ते अंतर भरून काढावयास बाटलीवरची चिठ्ठी आली.

त्याच सुमारास विलायती औषधांची दुकाने मोठ्या शहरांतून स्थिरावली होती. मुंबईतला केम्प्स कॉर्नर आजही एका जुन्या औषधविक्रेत्या पेढीचे नाव मिरवतो आहे. लहान गावात मात्र अशी पेढी पोहोचली नाही. तेथे पोहोचला तो कंपाउंडर. डॉक्टर तपासून इंग्रजी-लॅटिन संक्षेपांत काही खरडे आणि पडद्याआडच्या फळीपाशी उभा असलेला कंपाउंडर ते वाचून मिश्रण तयार करी. चीनी मातीच्या खलात भुकटी घोटणे, काट्यावर ग्रेनच्या हिशेबाने तोलणे, मापाच्या पेल्यात मिनिम, ड्रॅम आणि औंस मोजणे, हे त्याचे नित्याचे काम. साठ मिनिमांचा एक ड्रॅम, आठ ड्रॅमांचा एक औंस हे कोष्टक त्याला पाढ्यासारखे पाठ असे. मग औषध बाटलीत भरून, बूच मारून, बाटलीच्या अंगाला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची. पट्टीच्या प्रत्येक खाचेला एक मात्रा. वाचता न येणारी आजीसुद्धा त्या खाचा पाहून औषध बरोबर घेई. आपल्या वाचकांपैकी साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला ती पट्टी आठवत असेल आणि वेलदोड्याच्या अर्काचे ते तांबूस, पोटाला ऊब देणारे मिश्रणही.

या व्यवहाराला बराच काळ कायद्याचा आधार नव्हता आणि धाकही नव्हता. कोणीही औषधे आणावीत, कोणीही विकावीत. हिवतापाने गांजलेल्या देशात क्विनीनच्या नावावर काय विकले जाते, हे तपासण्याची सोय लहान गावात कोठून असणार? या अनागोंदीविरुद्ध १९२७ मध्ये कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये ठराव झाला आणि १९३० साली कर्नल रामनाथ चोपडा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. समितीने १९३१ मध्ये अहवाल दिला. औषधांच्या शुद्धतेसाठी कायदा हवा आणि औषध हाताळणाऱ्या माणसासाठीही शिक्षण व नोंदणी हवी, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. त्यातले पहिले काम १९४० च्या औषध कायद्याने आणि १९४५ च्या नियमांनी झाले. दुसरे व्हायला स्वातंत्र्य यावे लागले. दरम्यान १९३२ साली काशी हिंदू विश्वविद्यालयात महादेवलाल सराफ यांनी औषधनिर्माणशास्त्राचे अध्यापन सुरू करून या विद्येला विद्यापीठात जागा मिळवून दिली.

१९४८ चा फार्मसी कायदा आपल्या कथानायकाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना होय. या कायद्याने औषध मिसळणाऱ्या माणसाला ‘फार्मासिस्ट’ हे नाव दिले आणि त्या नावाची नोंदवही उघडली. येथे कायदा करणाऱ्यांचे शहाणपण नमूद केले पाहिजे. नुसत्या पदवीचा आग्रह धरला असता तर हजारो अनुभवी कंपाउंडर एका रात्रीत बेकायदा ठरले असते आणि खेडोपाडीचे दवाखाने अडून बसले असते. म्हणून पहिल्या नोंदवहीत नाव घालण्यासाठी पदवी-पदविकेबरोबर आणखी वाटाही मोकळ्या ठेवण्यात आल्या. रुग्णालयात, दवाखान्यात किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरून नियमित औषधे दिली जातात अशा ठिकाणी ज्याने ठरलेल्या तारखेपूर्वी एकंदर पाच वर्षे औषधे मिसळण्याचे काम केले असेल, त्यालाही प्रवेश मिळाला. मॅट्रिकपर्यंत कसाबसा पोहोचलेला, पण हात बसलेला कंपाउंडर अशा रीतीने नोंदणीकृत झाला. ते प्रमाणपत्र चौकटीत बसवून दुकानात देवाच्या तसबिरीशेजारी लावण्याची रीत पडली. नियमानुसार ते दिसेल असे लावणे भागच होते. पण त्याला हार घातला जाई तो नियमात नव्हता.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि भोपाळ त्याची राजधानी ठरली. नागपूरच्या सचिवालयातून, ग्वाल्हेर-इंदूरच्या कचेऱ्यांतून मराठी कुटुंबे येथे आली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते भोपाळचा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा ही नावे आपल्या पत्रव्यवहारात तेव्हापासून रुळली. नव्या वसाहतीला नोकरी आणि घर मिळाले, पण ओळखीचा माणूस कोठून मिळणार? ताप आलेले मूल घेऊन उभ्या राहिलेल्या आईला तोडक्यामोडक्या हिंदीत लक्षणे सांगावी लागत. अशा वेळी मराठीतून ‘काय होतंय बाळाला?’ असे विचारणारा औषधवाला भेटला तर तो आप्तच वाटे. दुकानाच्या बाकावर खोल्या भाड्याने मिळाल्या, स्थळे सुचवली गेली, गावाकडच्या मृत्यूच्या तारा वाचून दाखवल्या गेल्या. उधारीच्या वहीत कोणाच्या घरी काय दुखणे आहे हे सारे असे आणि त्यातले अक्षरही बाहेर फुटत नसे. वैद्यकीय गुप्तता हा शब्द त्याने ऐकला नसेल. तो नियम मात्र पाळला.

त्याच्या दुकानाचा आतला भाग कसा असावा, हे सरकारी नियमांतच लिहून ठेवले आहे. १९४५ च्या नियमांना जोडलेल्या शेड्यूल एन या परिशिष्टात, जेथे औषध मिसळून दिले जाते अशा दुकानाला लागणाऱ्या सामानाची यादी आहे. तोलण्याचे नाजूक काटे, काचेचे व चीनी मातीचे खल, मापाचे पेले, नरसाळी, गाळण्याचा कागद, मलम घोटण्याची फरशी, बुचे आणि बूच काढण्याचे आकडे, स्पिरिटचा दिवा, पाण्याची शेगडी, गोळ्या वळण्याचे यंत्र. डोळ्यांत घालायचे औषध करायचे असेल तर पाणी ऊर्ध्वपातित करण्याचे पात्रही हवे. शिवाय भारतीय औषधकोश जवळ असावा. हा औषधकोश १९५५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि तोवर ब्रिटिश कोशावर चालणाऱ्या आपल्या औषधवाल्याला स्वदेशी प्रमाणग्रंथ मिळाला. पाठोपाठ दशमान पद्धत आली. जन्मभर औंस-ड्रॅममध्ये विचार केलेल्या माणसाने चाळिशीत मिलिलिटर आणि मिलिग्रॅम शिकून घेतले.

पण याच सुमारास एक उलटा प्रवाह सुरू झाला होता. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलीन खलात घोटून होत नाही. ते निर्जंतुक कुपीत यायचे आणि तसेच पुढे द्यायचे. क्षयावरची, विषमज्वरावरची नवी औषधेही तयारच येऊ लागली. ज्या दुखण्यांनी घरे ओस पडत ती आटोक्यात आली, हे या कुपीचे आणि गोळीचे उपकार आहेत. ते नाकारून जुन्या बाटलीचे गोडवे गाणे कृतघ्नपणाचे ठरेल. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला. औषधाच्या द्रव्यावरचे पेटंट जाऊन केवळ कृतीवरचे उरले, तेव्हा देशी कारखान्यांनी स्वस्त गोळ्यांचा पूर आणला. डॉक्टर मिश्रण लिहिण्याऐवजी छापील नाव लिहू लागले.

नियमांत एक बारीक तरतूद आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. दुकानाच्या पाटीवर कोणता शब्द लिहायचा हेही तेथे ठरवून दिले आहे. ‘फार्मसी’ किंवा ‘डिस्पेन्सिंग केमिस्ट’ हे शब्द त्यानेच लिहावेत, जो नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली चिठ्ठीप्रमाणे औषध मिसळून देण्याची व्यवस्था ठेवतो. फार्मासिस्ट आहे, पण मिसळण्याची व्यवस्था नाही, त्याने ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’ एवढेच लिहावे. आता अयोध्या नगराच्या बाजारातून बायपासपर्यंत एक फेरी मारावी आणि शेड्यूल एनमधला खल कोणत्या दुकानात शिल्लक आहे हे विचारावे. खल फळीवरून उतरला तो कोणत्याही आदेशाने नव्हे. त्याला काम उरले नाही, इतकेच. ज्या पिढीने पाच वर्षांच्या हातकामावर नोंदवहीत नाव मिळवले, तिचे हातकाम वीस-पंचवीस वर्षांत संपले.

मग उरले काय? उरली ती चिठ्ठी. डॉक्टरच्या कागदालाही आपण चिठ्ठी म्हणतो आणि बाटलीवरच्या कागदालाही. या दोन चिठ्ठ्या एकमेकींशी ताडून पाहणे, मात्रा जास्त वाटली तर डॉक्टरकडे माणूस धाडणे, ‘हे उपाशीपोटी घेऊ नका’ असे दोनदा सांगणे, हे काम त्याने चालू ठेवले. १९४० च्या कायद्याचे मर्मही तेच आहे: बाटलीत काय आहे ते बाटलीवर लिहिलेले असावे आणि लिहिले आहे तेच आत असावे.

या तत्त्वाची किंमत भोपाळइतकी कोणत्या शहराने मोजली असेल? २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री कीटकनाशकाच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. डोळे आणि छाती जळणारी माणसे हजारोंच्या संख्येने हमीदिया रुग्णालयाकडे धावली. डॉक्टर होते, औषधवाले होते. विषाची चिठ्ठी नव्हती. शरीरात नेमके काय गेले आणि त्यावर उतारा कोणता, हे अधिकाराने सांगणारे कोणी नव्हते. डोळ्यांत थेंब, धाप कमी करणारी औषधे, अशा लक्षणांवरच्या उपचारांवरच भिस्त राहिली. सोडियम थायोसल्फेटच्या इंजेक्शनावरून वाद माजला आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने ते देण्याविषयी सूचना केल्या तोवर १९८५ साल उजाडले होते. भरलेल्या फळ्यांसमोर उभे राहून काय द्यावे हे न कळणे, यापरते औषधवाल्याचे दुःख नाही.

चिठ्ठी नसणे हे एक संकट. चिठ्ठी खोटी असणे हे दुसरे. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकोल या गोडसर पण विषारी द्रवात विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक लोक दगावले. त्यातून १९३८ चा तेथील कडक कायदा जन्माला आला. १९८६ च्या जानेवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून तेच विष गेले आणि चौदा रुग्ण प्राणांस मुकले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध-नियंत्रणाची लक्तरे त्या निमित्ताने चव्हाट्यावर मांडली. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच राज्यात, छिंदवाडा जिल्ह्यातील परासियाच्या परिसरात, खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लेकरे गेली. तपासणीत पुन्हा तोच डायएथिलीन ग्लायकोल. कित्येक मुलांना उपचारासाठी नागपूरला नेले होते. म्हणजे ज्या वाटेने आपल्यातली अनेक घराणी इकडे आली, त्याच वाटेने ती मुले उलट गेली. बाटलीवर छापील नाव होते, परवान्याचा क्रमांक होता. आत मात्र निराळेच होते.

जुना कंपाउंडर असता तर हे टळले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्याच्याकडेही प्रयोगशाळा नव्हती. तो ज्या ए. पी. सी. च्या पुड्या डोकेदुखीवर मुक्तहस्ते बांधी, त्यातले फेनासेटिन मूत्रपिंडाला अपायकारक ठरून १९८३ मध्ये आपल्याकडे बंद करण्यात आले. त्याच्या हातूनही चुका होत. फरक असा की त्याची चूक एका बाटलीपुरती असे. कारखान्याची चूक एका वेळी हजारो बाटल्यांत भरली जाते. आणि त्याच्या चुकीला तोंड असे. ती कोणाची हे गावाला ठाऊक असे आणि दुसऱ्या दिवशी त्याच फळीमागे त्यालाच उभे राहावे लागे. आज मूल गेलेल्या आईने कोणाच्या दारात जावे? विकणारा वितरकाकडे बोट दाखवतो, वितरक कारखान्याकडे, कारखाना कच्चा माल देणाऱ्याकडे. अंतर पनवेलच्या पहिल्या बाटलीबरोबरच पडले होते. ते भरून काढणारा माणूस इतकी वर्षे मध्ये उभा होता, एवढेच आपल्या ध्यानात आले नव्हते.

त्या माणसाची अखेरची वर्षे कशी गेली? किंमत-नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला सोळा टक्के नफा ठरवून दिलेला. त्यात जागेचे भाडे, विजेचे बिल, मुदत संपलेला माल. २००८ पासून सरकारी जनऔषधी दुकाने निघाली. त्यांनी गरिबाची सोय केली हे खरेच. पुढे घरपोच औषधे देणारे फोनवरचे बाजार आले आणि त्यांच्याविरुद्ध २०१५ व २०१८ मध्ये देशभरच्या औषधविक्रेत्यांनी एकेक दिवस दुकाने बंद ठेवली. पुढची पिढी संगणकाकडे, पुण्या-बंगळूरकडे गेली. काहींनी प्रमाणपत्र भाड्याने दिले. स्वतः घरी बसून नोंदवहीतले नाव तेवढे दुसऱ्याच्या दुकानात लटकत ठेवले. हा या इतिहासातला खिन्न करणारा भाग आहे, पण तो वगळून लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आणि २०२० च्या मार्चअखेर सारा देश दारे लावून बसला, तेव्हा औषधांची दुकाने उघडी होती. सत्तरी-ऐंशीच्या घरातले कित्येक वृद्ध औषधवाले मुलांनी नको म्हटले तरी फळीमागे जाऊन उभे राहिले, कारण त्यांना सवय एकच होती.

अशा माणसाच्या निधनाची नोंद कशी करावी? मला एक व्यवहार्य मार्ग सुचतो. दुकान विकताना जुने सामान रद्दीत जाते. त्यात उधारीच्या वह्या असतात, डॉक्टरांच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या असतात, क्वचित एखादा पांढरा खल आणि चौकटीतले प्रमाणपत्र असते. उधारीच्या वह्या व चिठ्ठ्या त्या त्या कुटुंबांनी जपाव्यात. त्यांतील गुपिते त्यांची आहेत. पण खल, काटा, कोऱ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे, खाचांची पट्टी असलेली एखादी बाटली मंडळाच्या कपाटात येऊ द्यावी. आणि ज्याला जे नाव आठवते ते, गाव, दुकानाची जागा आणि अंदाजे साल यांसह, एका कागदावर लिहून द्यावे. आपल्या आजोळच्या दुखण्यांची, बाळंतपणांची आणि वाचलेल्या जिवांची कथा त्या कागदांतून उभी राहील. बाटलीवर नाव लिहिण्याचा आग्रह ज्याने जन्मभर धरला, त्याचे स्वतःचे नाव कोठेतरी लिहिलेले असावे, इतके तर आपण त्याचे देणे लागतो.